ऑफ सीझनमधलं फायबर : मल्टिमोड पिगटेलच्या कामाच्या नोंदी

९ जून २०२५, सोमवार

पाहणी. साखर कारखाना, ऑफ सीझन. मिल हाउस सगळं उघडं पडलंय, रोलर बाहेर काढलेत, जिकडेतिकडे वेल्डिंग चालू. आमची कामं दोन. मुख्य कार्यालयातल्या सर्व्हर रूमपासून वजनकाट्यापर्यंत १२ कोरची (म्हणजे १२ काचतंतूंची) नवी ओएम३ (मल्टिमोड फायबरचा एक दर्जा) आर्मर्ड केबल टाकून दोन्ही टोकांना टर्मिनेशन. आणि को-जनच्या (कारखान्याच्या वीजनिर्मिती विभागाच्या) कंट्रोल रूमची जुनी लाइन ‘अधूनमधून जाते’, ती का जाते ते शोधणं. गव्हाणीत मोळी पडायच्या आत दोन्ही चालू हवं.

इथे तांब्याची केबल का नको, हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांनी भोगलंय. टर्बाइन, मोठ्या मोटारींचे ड्राइव्ह, प्रत्येक इमारतीचं अर्थिंग वेगळं. वळवाच्या पावसात एक वीज कडाडली की स्विचचे पोर्ट गेलेच. आणि तांब्याला १०० मीटरची मर्यादा आहेच. काचेतून वीज वाहत नाही, विषय संपला.

मल्टिमोडच (रुंद गाभ्याचा फायबर) का, हे मात्र मी विचारलं. उत्तर आलं की निविदेत ओएम३ आहे आणि १० गिगची (सेकंदाला १० गिगाबिट) एसआर मॉड्यूल, म्हणजे स्विचमध्ये बसणारे प्रकाश सोडणारे-घेणारे भाग, आधीच खरेदी झाली आहेत. माझं मत विचारलं असतं तर नवी केबल सिंगलमोड (बारीक गाभ्याची) टाका म्हणालो असतो. केबल स्वस्त पडते, आणि मॉड्यूलच्या किमतीत पूर्वीइतकी तफावत राहिलेली नाही. पण खंदकाचं माप २४० मीटर भरतंय, आणि ओएम३ वर एसआर मॉड्यूल ३०० मीटरपर्यंत चालतं. काम होतंय तर वाद कशाला घाला.

जुन्या लाइनची लांबी केबलवरच्या मीटरच्या छापावरून काढली : साधारण १९० मीटर.

११ जून, बुधवार

माल आला. ड्रम, दोन एलआययू (केबल जिथे संपते ती जोडांची पेटी), अ‍ॅडाप्टर, स्लीव्ह आणि पिगटेल. इन्स्ट्रुमेंट विभागाचे साहेब खोक्यात डोकावून म्हणाले, “याचं दुसरं टोक कुठंय?” रास्त प्रश्न. पिगटेलला कनेक्टर एकाच टोकाला असतो, दुसरं टोक मोकळं. ते मोकळं टोक बाहेरून आलेल्या केबलच्या काचेला वितळवून जोडायचं, जोड ट्रेमध्ये बंद करायचा, आणि कनेक्टर एलआययूच्या तोंडावरच्या अ‍ॅडाप्टरला आतून लावायचा. बाहेरून स्विचकडे पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी केबल) जाते. रोजची ओढाताण पॅचकॉर्डने सोसायची, पिगटेलला एकदा बसल्यावर कुणी हात लावायचा नाही.

कनेक्टर जागेवरच का बसवत नाही, हा त्यांचा पुढचा प्रश्न. बसवता येतो. पूर्वी इपॉक्सी भरून, काच घासून, पॉलिश कागदावर आठ-आठचे आकडे काढत बसवायचेही. पण फेरूलच्या (कनेक्टरमधल्या, काच धरणाऱ्या बारीक नळीच्या) टोकाचा तो किंचित घुमटाकार पॉलिश कारखान्यातल्या मशीनवर जसा होतो तसा खंदकाच्या काठावर बसून होत नाही. जोड मारणं त्या मानाने खात्रीचं. म्हणून पॉलिश त्यांच्याकडे, जोड आपल्याकडे.

मोजमाप पोराला लिहून ठेवायला सांगितलं (आयटीआय करून नुकताच लागलाय, वही चांगली ठेवतो) : ओएम३ चा गाभा ५० मायक्रॉन, क्लॅडिंगसकट १२५. त्यावर कोटिंग चढलं की २५०, केबलमधला फायबर एवढाच असतो. पिगटेलवर आणखी एक बफर असतो, ९०० मायक्रॉनचा, म्हणून ती बोटांत धरता येते. सिंगलमोडचा गाभा फक्त ९ मायक्रॉनच्या आसपास, बाहेरचं माप तेच १२५.

या ‘बाहेरचं माप तेच’ने आज अर्धा दिवस खाल्ला. १२ रंगांचे ओएम३ संच बरोबर आले, पिशवीवर ओएम३ एलसी (एलसी म्हणजे छोटा चौकोनी कनेक्टर), सोबत चाचणीचा कागद. पण एका पिशवीत नारिंगी पिगटेल. वर नुसतं ‘एमएम एलसी’. ना ओएम१, ना ओएम२, ना माप. नारिंगी रंग दोघांचाही असतो. ओएम१ चा गाभा ६२.५, ओएम२ चा ५०. क्लॅडिंग दोन्हीकडे १२५, त्यामुळे क्लीव्हरला (काच कापायचं यंत्र), स्प्लायसरच्या (जोड मारायचं यंत्र) खाचेला, फेरूलच्या भोकाला फरक कळत नाही. जोडही सुरेख बसतो.

ओळखायचं कसं, तर कनेक्टर मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि मोकळ्या टोकाशी बॅटरीचा उजेड दाखवायचा. गाभा पांढऱ्या ठिपक्यासारखा उजळतो. ठिपक्याची रुंदी अख्ख्या काचेच्या बरोबर निम्मी दिसली तर ६२.५, निम्म्याहून स्पष्ट कमी, पाचात दोन भाग, तर ५०. शेजारी खात्रीची ओएम३ पिगटेल धरून ताडलं की शंका उरत नाही. या निघाल्या ५० च्या. ५० च्या असल्या तरी ओएम३ नव्हेत, म्हणून परत पाठवल्या. पुरवठादाराचा फोन : “साहेब, मल्टिमोड म्हणजे मल्टिमोड, चालतंय की.” मी म्हणालो, चालतं कुठे आणि थांबतं कुठे, ते एकदा येऊन बघा.

१२ जून, गुरुवार

को-जनची जुनी एलआययू उघडली. आत बगॅसची (उसाच्या चोथ्याची) भुकटी बोटाच्या पेरभर. दार उघडताच ती पंख्याच्या वाऱ्याने नाकातोंडात. आधी व्हॅक्यूम, मग बाकीचं.

केबल नारिंगी, सहा कोर, आवरणावर अजून वाचता येईल असं ६२.५/१२५. म्हणजे ओएम१. सर्व्हर रूमच्या टोकाला मूळचे एसटी (गोल, फिरवून बसणारे) कनेक्टर, पिगटेलही मूळच्याच, ६२.५ च्या. को-जनच्या टोकाला मात्र अ‍ॅक्वा रंगाच्या (फिकट निळसर-हिरवा, ओएम३ चा रंग) एलसी पिगटेल! चौकशी केल्यावर कळलं, मागे उंदरांनी पेटीत घुसून कुरतडलं होतं. तेव्हा आलेल्या एका कंत्राटदाराने ‘नवीन, भारीतल्या’ पिगटेल घालून दिल्या. त्याचं बिल फाइलमध्ये आहे, त्यावर ‘ओएम३, अपग्रेड’ असं लिहिलंय. वाचून हसू आलं, नंतर रागही.

६२.५ च्या केबलला ५० ची पिगटेल जोडली की प्रकाश कुठल्या बाजूने येतोय यावर सगळं ठरतं. ५० मधून ६२.५ मध्ये जाताना अडचण नाही. ६२.५ मधून ५० मध्ये येताना कडेचा प्रकाश मावतच नाही. पोराला दोन वाक्यांत कळलं : “म्हणजे सहा इंची पाइपातला रस चार इंचीत घातल्यासारखं.” तेच, वर इथे आणखी एक भानगड, प्रकाश आत घेण्याचा कोनही वेगळा. ६२.५ चं न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर ०.२७५, ५० चं ०.२०. हिशेब मांडला तर गाभ्याच्या क्षेत्रफळामुळे १.९ डीबी (डेसिबल, प्रकाशाच्या घटीचं माप) आणि कोनामुळे २.८, मिळून ४.७ डीबी. गाभा काठोकाठ भरून वाहत असेल तेव्हाचा हा आकडा. लेझरवाल्या मॉड्यूलमध्ये प्रकाश मधोमध असतो, त्यामुळे तोटा कमी होतो. म्हणूनच ही लाइन पूर्ण मेली नाही, रडतखडत राहिली.

१४ जून, शनिवार

मोजणी. ८५० नॅनोमीटरचा सोर्स आणि पॉवर मीटर. प्रत्येक टोकाला तिथल्या पिगटेलच्या मापाची टेस्ट कॉर्ड घेतली, नाहीतर मोजणीच आणखी एक गोंधळ वाढवते. ५० च्या ३ मिमी जाड कॉर्डला २२ मिमीच्या नळीवर पाच वेढे दिले, म्हणजे कडेने भटकणारा प्रकाश आधीच गळून जातो आणि आकडा रोज बदलत नाही. मल्टिमोडच्या मोजणीत ही नळी विसरणारे बरेच. मग दोन माणसांचे दोन आकडे येतात आणि दोघं भांडत बसतात.

को-जनकडून सर्व्हरकडे : १.२ डीबी. सर्व्हरकडून को-जनकडे, तोच फायबर : ३.६. सगळ्या चालू कोरांवर हाच कल. एक गिगच्या एसएक्स मॉड्यूलला २०० मेगाहर्ट्झ-किलोमीटर बँडविड्थच्या ६२.५ फायबरवर एकूण २.६ डीबी तोटा चालतो. एक दिशा आरामात आत, दुसरी बाहेर. कंट्रोल रूमचे ऑपरेटर सांगत होते, स्क्रीनवरचे आकडे इकडून जातात पण तिकडून कमांड येताना अडकते. नेमकं तेच.

मग ओटीडीआर (परत येणाऱ्या प्रकाशावरून फायबरची रेघ काढणारं यंत्र) लावला, मुख्यतः साहेबांना दाखवायला. को-जनच्या बाजूने बघितलं तर जोडाच्या जागी रेघ खाली यायच्या ऐवजी वर उडी मारते, जणू जोडात प्रकाश वाढला! वाढत काही नाही. ६२.५ ची काच मागे जास्त प्रकाश परतवते, मशीन त्यालाच फायदा समजतं. असा ‘फायदा’ दिसला की जोडाच्या दोन बाजूंना वेगळी काच आहे, एवढं समजावं. पिगटेल जेमतेम दीड मीटरची, त्यामुळे कनेक्टर आणि जोड ओटीडीआरला वेगवेगळे दिसतच नाहीत, दोन्ही मिळून एकच टेकडी. सुरुवातीला १०० मीटरची लाँच कॉर्ड (ओटीडीआर आणि लाइनच्या मधली फायबरची गुंडाळी) लावली नाही तर तीही दिसत नाही.

साहेब रेघ बघून म्हणाले, “म्हणजे महागडं लावून बिघडवलं?” मी मान डोलावली.

१७ जून, मंगळवार

ओएम१ च्या एसटी पिगटेल शोधतोय. पुण्यात दोन दुकानांत ‘आता कोण घेतं साहेब’ असंच उत्तर. एकाकडे ओएम१ च्या पॅचकॉर्ड पडून होत्या, एसटी-एसटी, पाच मीटर, आवरणावर ६२.५ छापलेलं. त्याच घेतल्या. पॅचकॉर्ड मधोमध कापली की दोन पिगटेल होतात, आणि यात एक मजा आहे : कापण्याआधी दोन्ही कनेक्टर मीटरवर तपासता येतात. विकतच्या पिगटेलचं तसं नाही, जोड मारेपर्यंत कागदावरच विश्वास. आवरण ३ मिमीचं असल्याने ट्रेमध्ये शिरण्याआधी ते आणि आतलं केव्हलार सोलून ९०० मायक्रॉनवर यावं लागतं, तेवढा वेळ जास्त.

साहेबांनी विचारलं, इतकं करतोच आहोत तर या जुन्या लाइनवर पण १० गिग होईल का? एसआर मॉड्यूलने नाही. ओएम१ वर त्याची मजल ३३ मीटर, पिगटेल कुठलीही घाला. एलआरएम जातीचं मॉड्यूल २२० मीटरपर्यंत जातं, म्हणजे १९० बसतं, पण त्यांच्या स्विचमध्ये ते चालतं का ते आधी बघावं लागेल. कंट्रोल रूमच्या डेटाला एक गिग भरपूर झालं, यावर ते लगेच राजी झाले.

१९ जून, गुरुवार

पाऊस. वजनकाट्याकडच्या खंदकात पाणी, केबल ओढणं बंद. वीजही नाही. चहा आणि लेबलं.

२१ जून, शनिवार

केबल ओढून झाली, आज वजनकाट्याच्या टोकाला जोड.

जागा हा इथला खरा प्रश्न. काट्याच्या केबिनला खिडक्या तीन, आणि यार्डातली धूळ तिन्हींतून आत. काट्यावरच्या काकांनी खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला, स्वतः बाहेर जाऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला “आत काच शिवतायत, थांबा” सांगत राहिले.

क्रम असा ठेवला. केबलचं स्टीलचं कवच सोलून ते अर्थ बारला बांधायचं. लूज ट्यूब (आतले फायबर असलेली नळी) कापून जेल पुसायची, नीट पुसायची, कारण स्ट्रिपरला जेल लागली की पुढच्या प्रत्येक फायबरवर तीच फासली जाते. मग संरक्षक स्लीव्ह आधी पिगटेलवर सरकवायची. पिगटेलचा ९०० चा बफर एका दमात ओढायचा नाही, थोडा थोडा. घट्ट बफर असेल तर लांब ओढताना आतली काच तुटते. नंतर २५० चं कोटिंग. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फडका, एकदा पुसलेली जागा परत त्याच डागाने पुसायची नाही. स्वच्छ काच फडक्यातून सरकताना कुईं असा बारीक आवाज येतो. तो ऐकू आला की पोरगा माझ्याकडे बघतो.

क्लीव्हरमध्ये ठेवून एक टक. निघालेला काचेचा तुकडा चिमट्याने थेट बाटलीत. हा तुकडा बोटात शिरला तर दिसतही नाही आणि निघतही नाही, म्हणून केबिनमध्ये डबा उघडायला बंदी.

स्प्लायसर मल्टिमोडच्या प्रोग्रॅमवर लावला. सवयीने सिंगलमोडवर राहिला तर आर्क (काच वितळवणारी विजेची ठिणगी) जास्त पडतो, मल्टिमोडचा गाभा मोठा आणि जर्मेनियम घातलेला, जोडात बुडबुडा येऊ शकतो. हवेत दमटपणा इतका की सकाळी आर्क कॅलिब्रेशन केल्याशिवाय सुरुवातच केली नाही. पडद्यावर दोन काठ्या समोरासमोर आल्या, मशीनने क्लीव्हचा कोन दाखवला. एक अंशाच्या वर गेला की मी परत कापायला लावतो, मशीन ‘चालेल’ म्हणत असलं तरी. मग ठिणगी, आणि पडद्यावर ०.०१ डीबी. पोरगा खूश. त्याला सांगितलं, हा मशीनचा अंदाज आहे, कॅमेऱ्यात बघून बांधलेला. जुन्या एलआययूतला तो ६२.५ आणि ५० चा जोडही त्या दिवशी मशीनने ०.०१ च दाखवला असेल. काठ सरळ, बाहेरचं माप सारखं, मशीनने आणखी काय बघावं!

स्लीव्ह जोडावर आणून हीटरमध्ये, गार झाल्यावर ट्रेच्या खाचेत. पिगटेलचे वेढे मोठे, ३० मिमीपेक्षा कमी त्रिज्या नाही. रंगांचा क्रम निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, अ‍ॅक्वा, आणि पिगटेलचा संच त्याच क्रमाचा, त्यामुळे निळ्याला निळा. करडा आणि पांढरा ट्यूबलाइटच्या उजेडात फसवतात. तिथे मोबाइलचा टॉर्च.

संध्याकाळपर्यंत १२ जोड पूर्ण. काकांनी आत येऊन ट्रे बघितला, “एवढंच?” म्हणाले.

२४ जून, मंगळवार

सर्व्हर रूमच्या टोकाचे जोडही झाले. आज नव्या केबलची मोजणी.

आधी कागद. ओएम३, २४० मीटर, किलोमीटरला ३.५ डीबीच्या कमाल दराने ०.८४. दोन कनेक्टर जोड्या, प्रत्येकी कमाल ०.७५, म्हणजे १.५. दोन स्प्लाइस (जोड), प्रत्येकी ०.३, म्हणजे ०.६. बेरीज २.९४. केबलिंगच्या नियमाने २.९४ च्या आत आलं की ‘पास’. पण १० गिग एसआरला ओएम३ वर पूर्ण मार्गासाठी २.६ डीबीच मंजूर आहेत. म्हणजे मीटरवर हिरवं दिसूनही लिंक कच्ची राहू शकते. मी टेस्टरमध्ये मर्यादा २.६ घातली, आणि आमची स्वतःची १.५. पिगटेल चांगली आणि जोड स्वच्छ असेल तर त्याच्या वर जायचं कारण नाही.

बहुतेक कोर ०.९ ते १.१. दोन कोर अडले. पहिला, पांढरा, १.७ : मायक्रोस्कोपखाली फेरूलच्या गाभ्यावर तेलकट ठसा. नवीन पिगटेल, टोपी काढून सरळ लावलेली. टोपी स्वच्छ असते असं का समजतात लोक, मला कळत नाही. क्लीनरने एक क्लिक, परत बघितलं, मग लावलं : १.०. दुसरा, जांभळा, २.३ आणि साफ करूनही तसाच. लाल पेन (फायबरमध्ये लाल प्रकाश सोडणारं) लावलं तर सर्व्हर रूमच्या ट्रेच्या कडेला पिगटेल लालभडक चमकली, झाकण आणि कडेच्या मध्ये चिमटली होती. सिंगलमोडमध्ये असा वाक १५५० वर मोजला की लगेच चुगली करतो. मल्टिमोडमध्ये ८५० आणि १३०० च्या आकड्यांत तसा फरक पडत नाही, त्यामुळे डोळ्यांनीच शोधावं लागतं. वेढा परत बसवला, १.१.

२७ जून, शुक्रवार

को-जनची जुनी लाइन. अ‍ॅक्वा पिगटेल कापून काढल्या, कापलेल्या ओएम१ पॅचकॉर्डच्या पिगटेल जोडल्या, अ‍ॅडाप्टर एलसीचे काढून एसटीचे बसवले. स्विचचं पोर्ट एलसी, म्हणून बाहेरून एसटी-एलसी पॅचकॉर्ड, तीही ६२.५ चीच. ही शेवटची गोष्ट निम्म्या ठिकाणी चुकते : आत सगळं जुळवतात आणि बाहेर हाताला येईल ती अ‍ॅक्वा पॅचकॉर्ड लावतात, म्हणजे हाच आजार कनेक्टरपाशी परत.

मोजणी : जाताना १.२, येताना १.३. पेटीच्या दारावर आतून मोठ्या अक्षरांत चिकटवलं : ‘केबल ६२.५. पिगटेल आणि पॅचकॉर्ड फक्त ओएम१.’ फटी फोमने बंद केल्या, उंदरांसाठी जाळी.

१ जुलै, मंगळवार

पोरगा आईला घेऊन पालखीला गेलाय, आज एकटाच. दोन्ही लाइन शुक्रवारपासून चालू, स्विचच्या काउंटरमध्ये सीआरसी एरर (बिघडून आलेला डेटा) शून्य. चाचणीचे आकडे कोरनिहाय छापून साहेबांकडे दिले, दोन्ही दिशांचे. सुट्या पिगटेल वेगळ्या पिशव्यांत ठेवल्या : ओएम३ एलसी चार, ओएम१ एसटी दोन. काढून ठेवलेल्या जुन्या अ‍ॅक्वा पिगटेल साहेब ‘राहू द्या, कामाला येतील’ म्हणत होते. मी कनेक्टर कापून टाकले, नाहीतर हंगामात रात्री दोन वाजता कुणीतरी त्याच शोधून काढेल.

बाकी : डिस्टिलरीच्या लाइनचं मोजमाप ४२० मीटर आलंय. तिथे १० गिग हवं असेल तर ओएम३ पुरत नाही, ओएम४ ची ४०० ची मर्यादाही ओलांडते. सिंगलमोड १२ कोर आणि निळ्या एलसी पिगटेल धरून कोटेशन करायचं, शुक्रवारपर्यंत पाठवायचं. वजनकाट्याच्या एलआययूच्या किल्ल्या काकांकडे.